कोथरूडचं एक घर, वीस हजारांचं बजेट आणि 'सगळ्यांना चालेल असा' हेडफोन

केस अशी आहे. आमच्याच सोसायटीतलं कुटुंब, कोथरूड, पौड रोडवरून जरा आत. काका बँकेतून रिटायर झालेले, ख्याल आणि नाट्यसंगीत सोडून बाकी सगळ्याला गोंगाट म्हणतात. काकू कामं करता करता अभंग आणि भावगीतं ऐकतात, मोबाईल ओट्यावर डब्याला टेकवून, स्पीकरवर. मुलगी हिंजवडीला आयटीत, कंपनीच्या बसनं जाते आणि जाऊन-येऊन अडीच-तीन तास तिचे बसमध्येच जातात. धाकटा इंजिनिअरिंगला, मेटल ऐकतो आणि पावसाळा सुरू झाला की ढोल पथकात. म्हणजे एका छपराखाली चार जण आणि चौघांचं संगीत एकमेकांना सहन न होणारं.

मुलीकडे एक नॉइज कॅन्सलेशनवाला (म्हणजे बाहेरचा गोंगाट कापणारा) ब्लूटूथ हेडफोन आधीच होता, मधल्या किमतीचा, ब्रँडचं नाव घेत नाही. प्लॅन असा की दिवाळीच्या सेलमध्ये वीस हजारात त्याच्यापेक्षा भारी एकच हेडफोन घ्यायचा जो घरात सगळ्यांना चालेल, आणि जुना काकांना द्यायचा. मला या प्रकाराचा नाद आहे हे सोसायटीत माहितीये, त्यामुळे मुलीनं विचारलं की दादा कुठला घेऊ, आणि तेवढ्यात काका आतून म्हणाले, "अरे आधी हा जुना ऐकून बघ आणि मला सांग की हे असं का वाजतं." तिथून हे सगळं प्रकरण सुरू झालं.

काकांची तक्रार

त्यांनी लावलं होतं एका मैफलीचं रेकॉर्डिंग, विलंबित एकतालातला ख्याल, पुरुष गायक, काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा षड्ज). काकांचं म्हणणं: डग्गा नुसता घुमतोय, तंबोरा गायबच झालाय आणि गवई दोन खोल्या सोडून बसल्यासारखा वाटतोय. "तबलजीला गोधडी पांघरून बसवलंय रे हे," असं त्यांचं एकूण मत.

मी ऐकलं तर शब्दशः खरं होतं. आता कारण बघा. काळी एकच्या षड्जाची फ्रिक्वेन्सी साधारण १३९ हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं), तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९ च्या आसपास, आणि डग्ग्याचा मुख्य आवाज शंभरच्या अलीकडेपलीकडे खालीवर सरकत राहतो, कारण मनगटाच्या दाबानं तो मींड घेतो. म्हणजे डग्गा, खर्ज आणि गायकाचा खालचा आवाज तिन्ही एकाच दोनशे हर्ट्झच्या खोलीत राहतात. आणि बाजारातल्या बहुतेक ब्लूटूथ हेडफोनमध्ये नेमका हाच भाग ठासून वर उचललेला असतो, कारण पॉपमध्ये किंवा रॅपमध्ये तिथे फक्त किक आणि बेस असतो, तो जितका जोरात तितकी गिऱ्हाईकाला मजा. ख्यालात तिथे माणूस बसलेला असतो ना.

तंबोरा गायब होण्याचं कारण जरा वेगळं. तंबोऱ्याची खरी ओळख त्याच्या मूळ स्वरात कमी आणि जवारीत जास्त आहे. घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात त्यानं तार घोडीला किंचित घासत सुटते आणि वरचे स्वरांश फुटतात, हजार हर्ट्झपासून चार-पाच हजारापर्यंत ते पसरलेले असतात आणि एकेक करून चमकत जातात. हे सगळं मुळातच हळू आवाजात असतं. खालचा मोठा आवाज वरच्या हळू आवाजाला झाकून टाकतो हा कानाचा गुणधर्मच आहे, त्यामुळे डग्गा फुगला की पहिला बळी तंबोऱ्याचा. तंबोरा गेला की गायक सुरात आहे की नाही हे ज्याच्यावर तोलायचं ते मागचं कापडच निघून जातं. काकांना यातला एकही आकडा माहीत नव्हता, पण चाळीसेक वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बसलेला माणूस आहे तो, रमणबागेत मातीवर बसून ऐकलेलं, आता मुकुंदनगरला जातात. त्यांना कळणारच.

उसने आणून केलेली चाचणी

पुण्यात चांगला वायरवाला हेडफोन विकत घेण्याआधी ऐकायला मिळणं म्हणजे नशीबच. तपकीर गल्लीत तुम्हाला कनेक्टर, केबल, जॅक, सोल्डर सगळं मिळेल पण तिथे बसून अर्धा तास मारवा ऐका असं कोणी म्हणणार नाही, आणि मॉलमधल्या शोरूममध्ये डेमोला टांगलेले हेडफोन त्यांच्या ठरलेल्या गाण्यावर, आजूबाजूला टीव्ही चालू. म्हणून उसने मागितले. एका मित्राकडून सेनहायझर एचडी ६००, जो १९९७ पासून बाजारात आहे आणि अजूनही लोक वापरतात. घरी स्टुडिओ असलेल्या दुसऱ्याकडून बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओमवाला (ओमचा आकडा जितका मोठा तितका साधारण वाजवायला जास्त जोर लागतो). माझा एक स्वस्तातला वायरचा इन-इयर. आणि मुलीचा तो ब्लूटूथ.

यातला पहिला ओपन-बॅक आहे, म्हणजे कपाच्या मागच्या बाजूला जाळी, आवाज आतबाहेर होतो. ही कल्पना सेनहायझरनंच १९६८ मध्ये एचडी ४१४ काढून बाजारात आणली. दुसरा क्लोज्ड, मागून बंद. सगळा फरक तिथून सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. बंद कपात खालचा आवाज दाबून ठेवता येतो, बाहेरचं कमी ऐकू येतं, पण आतल्या आत आवाज आपटत राहतो आणि सगळं डोक्यात भरल्यासारखं होतं. उघड्यात मोकळं वाटतं, मध्यसप्तक साफ, पण साध्या डायनॅमिक ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे कपातला छोटा स्पीकर) ओपन-बॅक असेल तर चाळीस-पन्नास हर्ट्झच्या खाली तो हळूहळू हात आखडता घेतो.

ऐकायला काय लावलं हे महत्त्वाचं. लोक परदेशी ऑडिओफाइल लोकांनी ठरवून दिलेली जाझची गाणी लावतात टेस्टला, जी घरात पुन्हा कधी वाजणार नसतात. आम्ही घरातलंच घेतलं. विलंबित ख्यालाचा सुरुवातीचा भाग, त्यात तंबोरा आणि डग्गा दोन्ही पकडता येतात. टाळांचा भरणा असलेला एक अभंग. धाकट्याचं एक मेटलचं गाणं, डबल बेस ड्रमवालं. आणि मुलीच्या प्लेलिस्टमधलं खालून दणका देणारं एक रॅप.

आणि हो, आवाज सारखा करून घेणं. हे कोणी करत नाही आणि मग वाद घालतात. दोन हेडफोनमध्ये जो किंचित मोठा वाजतो तोच 'जास्त क्लिअर' वाटतो, एक-दोन डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो, आणि हळू आवाजात बेस आपोआप कमी ऐकू येतो हे तर १९३३ मध्येच फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलंय. आम्ही पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला आवाज असलेली चाचणीची खरखर) लावून एका कानावर हा, दुसऱ्या कानावर तो असं धरून आवाज जुळवला. लॅबसारखं नाही झालं, पण घरच्या कामाला पुरलं.

काकांनी एचडी ६०० डोक्यावर ठेवला आणि पहिली पाचेक मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दोन तंबोरे आहेत." त्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या मागे डावीउजवीकडे दोन तंबोरे आहेत आणि दोघांची जवारी थोडी वेगळी आहे, एक जरा उघडा, एक मिटलेला. हे रेकॉर्डिंग त्यांनी इतकी वर्षं ऐकलंय, पण टू-इन-वनच्या स्पीकरवर.

डीटी ७७० वर एक गंमत झाली. काकांना तो सुरुवातीला बरा वाटला, डग्गा आटोक्यात आहे म्हणाले. मी घातला तर मला बेस बराच जास्त वाटला. थोड्या वेळानं लक्षात आलं की काकांचा चष्मा! चष्म्याच्या जाड दांडीमुळे पॅड कानामागे नीट टेकत नव्हतं, तिथून हवा निसटत होती आणि बंद हेडफोनमध्ये हवा निसटली की सगळ्यात आधी बेस जातो. चष्मा काढला की डग्गा परत फुगला. ओपन-बॅकमध्ये हा फरक खूपच कमी जाणवतो कारण तो मुळातच सगळीकडून उघडा. तुम्ही किंवा घरातलं कोणी चष्मावाले असाल तर हे एवढं तरी तपासा, रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोक्यावर चष्मा होता की नव्हता ते तुम्हाला कळत नाही.

'रॉकला हा, क्लासिकलला तो' हे कितपत खरं

हे सगळं चालू असताना धाकट्यानं कुठूनसं वाचून आणलं की रॉक-मेटलला ग्राडो, क्लासिकलला सेनहायझर, हिप-हॉपला अमुक. हे फार जुनं चालत आलेलं आहे आणि त्याला थोडा आधार पण आहे. ब्रुकलिनच्या ग्राडोचे हेडफोन उघडे, कानावर टेकणारे, त्यांच्यात वरचा मध्यभाग पुढे आलेला असतो, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार अंगावर येते आणि खालचा बेस कमी. गिटारवाल्याला आवडणारच.

पण माझं मत असं की जॉनर हे नाव बघून हेडफोन निवडायला गेलं की फसगत होते. 'क्लासिकल' लिहिलेल्या खोक्यावर त्यांच्या डोळ्यासमोर वेस्टर्न ऑर्केस्ट्रा असतो, साठ-सत्तर वाद्यं, मोठा हॉल. आपल्या ख्यालात चार-पाच माणसं, माईक गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. दोन्हीला क्लासिकल म्हणतात म्हणून एकच हेडफोन कसा चालेल. बघायचं काय तर वाद्यं कुठल्या पट्टीत आहेत, रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजात अंतर किती आहे, आणि तुम्ही बसून ऐकणार कुठे. यातलं तिसरं तर मला सगळ्यात वजनदार वाटतं.

हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरंच काम केलंय, शेकडो लोकांना वेगवेगळ्या ट्यूनिंगचे (म्हणजे खालचा, मधला, वरचा भाग कमीजास्त केलेले) आवाज ऐकवून. त्यात बहुसंख्य लोकांची आवड एकाच प्रकारच्या वळणाकडे झुकते आणि उरलेल्यांत कोणाला बेस जास्त हवा असतो, कोणाला कमी, असं निघालं. तरुण मंडळी जास्त बेसकडे, पन्नाशीच्या पुढचे कमी बेसकडे. आमच्या केसमध्ये हे अगदी तंतोतंत दिसलं. काकांनी धाकट्याचं मेटल (हो, ऐकवलंच त्यांना) ऐकून 'हेडफोनमध्ये बेस कमी कर' हेच सांगितलं आणि धाकट्यानं बाबांचा ख्याल ऐकून 'तबल्याला अजून दम हवा' म्हटलं. म्हणजे गाणं बदललं तरी माणूस आपली आवड सोडत नाही.

धाकट्याचा प्रश्न कानाचा निघाला

धाकट्याला मेटल ऐकायचंय तर बेस भरपूर हवा असं त्याचं ठाम मत. मी त्याला एक हिशोब करायला लावला. २०० बीपीएमच्या (मिनिटाला २०० मात्रा) गाण्यात डबल बेस ड्रम एका मात्रेत चार ठोक्यांनी चालत असेल तर सेकंदाला तेराच्या वर ठोके, दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद. आता खालचा भाग फुगवलेला असेल तर एका ठोक्याची शेपूट संपायच्या आत दुसरा येतो आणि ठोक्यांऐवजी नुसती घरघर ऐकू येते. त्यात गिटार खाली ट्यून केलेली, तिचा आवाजही ८० हर्ट्झपासूनच किंवा त्याच्याही खालून सुरू. किकचा 'टक्' जो असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झमध्ये असतो, तो ऐकू आला तरच ठोके सुटे होतात. म्हणून मेटलला बेस जास्त असण्यापेक्षा आटोपशीर असणं गरजेचं आहे आणि वरचा भाग फार तिखट नसावा, कारण झांजा आणि डिस्टॉर्शनची किरकिर तिथेच असते, तासभर ऐकलं की डोकं उठतं.

पटलं त्याला. पण चाचणीत त्याची उत्तरं काही जुळेनात. एका संध्याकाळी तो म्हणाला सगळेच हेडफोन मंद आहेत, वरचं काही येतच नाही, आणि आवाज वाढव वाढव. दोन दिवसांनी सकाळी तोच एचडी ६०० त्याला 'जरा जास्तच टोचतोय' वाटला. तोच हेडफोन, तेच गाणं, आवाजही जुळवलेला. विचारल्यावर कळलं की त्या संध्याकाळी तो नदीकाठच्या सरावावरून थेट आलेला, दोन-तीन तास ढोल-ताशाच्या मधोमध उभा राहून.

कान मोठ्या आवाजानंतर काही तास बधिर होतात, ते बहुतेक वेळा भरून येतं, पण परत परत केलं तर कायमचं राहतं. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पथकात ताशाच्या शेजारी शंभरच्या खाली काही नसतं हो. आणि मग बधिर कानांनी घरी येऊन हेडफोनचा आवाज वाढवायचा, म्हणजे दुहेरी मार. त्याच्यासाठी खरेदीच्या यादीत सगळ्यात वर फोमचे इअरप्लग गेले, शे-दोनशे रुपयांचे. आधी नाक मुरडलं त्यानं, पथकात घालतात का कोणी म्हणून, तर ताई म्हणाली घालतात, तुझ्या पथकातल्या दोन मुली घालतात, मी विसर्जनाला पाहिलंय.

हेडफोनचं म्हणाल तर त्याचं काम इन-इयरमध्ये भागलं. वायरचा, एक डायनॅमिक ड्रायव्हरवाला, दोन हजारांच्या आतला. इन-इयर कानात नीट बसला की सीलबंद होतो आणि अगदी खालपर्यंतचा बेस न फुगवता मिळतो, फक्त सोबत आलेल्या रबरी टिप्समधली आपल्या कानाची कुठली ते शोधायला लागतं. त्याच्या डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळ्या मापाच्या टिप्स लागल्या, हे बऱ्याच जणांचं असतं.

बसमधला ख्याल

मुलीचं आम्ही सगळ्यात सोपं समजत होतो, कारण बसमध्ये नॉइज कॅन्सलेशन हवं यात वाद नाही. पण तिनं एक मजेशीर गोष्ट सांगितली. ती रॅप आणि फिल्मी गाणी ऐकते तेव्हा साध्या इअरफोनवरसुद्धा चालतं, पण कधीतरी बाबांच्या नादानं एखादा राग लावला तर आलाप ऐकूच येत नाही, आणि आवाज वाढवावा तर द्रुतमधल्या तानेला कानठळ्या.

याचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये आहे. हल्लीचं पॉप, रॅप, मेटल सगळं दाबून एका उंचीवर आणलेलं असतं, हळू आणि मोठा यात फारसं अंतर नसतंच, म्हणून ते चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्येही टिकतं. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलापातला खर्ज आणि शेवटची तान यात प्रचंड अंतर. बसची घरघर असते खालच्या फ्रिक्वेन्सीत, ती बरोबर खर्जावर येऊन बसते आणि वरच्या हळू आवाजालाही झाकते. नॉइज कॅन्सलेशन हजार हर्ट्झच्या खालच्याच आवाजावर सगळ्यात चांगलं चालतं, इंजिन, टायर, एसी वगैरे. त्यामुळे उलटंच झालं बघा, बसमध्ये मेटल ऐकणाऱ्याला साधा हेडफोन पुरेल पण ख्याल ऐकणाऱ्याला नॉइज कॅन्सलेशनवाचून गत्यंतर नाही. जॉनरच्या तक्त्यात हे कोणी लिहीत नाही.

तिच्या जुन्या हेडफोनची डग्गा फुगण्याची खोड आम्ही इक्वलायझरनं काढली. त्याच्याच ॲपमध्ये पाच पट्ट्यांचा इक्वलायझर होता, त्यात खालच्या दोन पट्ट्या चार-पाच डेसिबलनं खाली आणि मधली एक डेसिबल वर. 'ख्याल' नावानं ते सेव्ह केलं, रॅपसाठी मूळचंच ठेवलं. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे त्यात बऱ्याच हेडफोनची दुरुस्ती आयती मिळते, पण आपल्या कानाला पटेल तेवढीच घ्या. आता हे ऐकून कोणी म्हणेल मग काकांना पण हाच देऊन टाकायचा ना इक्वलायझर लावून. फरक पडला, नाही असं नाही, डग्गा खाली बसला, तंबोरा वर आला. पण दोन तंबोरे वेगळे ऐकू आले नाहीत ते नाहीतच, आणि अर्ध्या तासानं काकांचे कान बंद पॅडमध्ये घामेजायचे.

तर इथे वीस हजारांच्या भारी हेडफोनची गरजच संपली. मुलगी थोडी हिरमुसली, खरं सांगायचं तर तिला नवीन हवाच होता.

काकूंना कोणी विचारलंच नव्हतं

चार जणांचं घर आणि चर्चा तिघांची चालली होती. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला नको बाई ते डोक्यावर, कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?" मुद्दा बरोबर आहे, आणि बंद हेडफोनला दारची बेलही ऐकू येत नाही.

पण टाळांच्या अभंगावर मी त्यांना बसवलं कारण वरच्या पट्टीसाठी तितका चांगला परीक्षक घरात दुसरा नव्हता. टाळ म्हणजे पाच हजार हर्ट्झच्या वरची एकदम फुटणारी ठिणगी, जो हेडफोन आठ-दहा हजाराच्या आसपास जरा तिखट असेल तो तिथे लगेच उघडा पडतो. डीटी ७७० वर काकूंनी दहा सेकंदांत काढून ठेवला, "दात शिवशिवले." ब्लूटूथवर टाळ टोचले नाहीत पण प्रत्येक टाळाच्या मागे फसफस, कारण मुलीनं स्ट्रीमिंग ॲपमध्ये डेटा वाचवायचं सेटिंग ठेवलेलं, कमी बिटरेटला (म्हणजे आवाजाची माहिती जास्त दाबली की) पहिले हालहाल होतात ते टाळांचे आणि झांजांचेच. सेटिंग वर नेल्यावर बरंच सुधारलं, फुकटात. हे आधी तपासा आणि मग हेडफोनला शिव्या द्या.

ओपन-बॅकवर मात्र काकू बराच वेळ बसल्या. पखवाज सुटा, टाळ बाजूला, आणि मधेच म्हणाल्या, "दूधवाला आला वाटतं." आला होता.

काय घेतलं

काकांसाठी शेवटी सेनहायझरचाच एचडी ५६०एस घेतला, एचडी ६०० नाही. ६०० चा आवाज त्यांना जास्त आवडला होता हे खरं, पण तो ३०० ओमचा, फोनला जोडून जुनी रेकॉर्डिंग्ज लावली की आवाज पूर्ण वाढवूनही कमीच, म्हणजे वेगळा ॲम्प्लिफायर आला, वायरी आल्या, आणि काकांना पहाटे साडेपाचला उठून भैरव लावायचाय, बटणं शोधायची नाहीत. ५६०एस १२० ओमचा आहे पण १ व्होल्टला ११० डेसिबल देतो, त्यामुळे हजार-दीड हजाराच्या यूएसबी-सी डाक डोंगलवर (फोनला लावायचं छोटं यंत्र, हेडफोनची पिन त्यात जाते) आरामात चालतो. त्याचा बेस सपाट आहे, वरचा भाग ६०० पेक्षा थोडा उजळ, टाळांना काठावर पास. काकांच्या जुन्या नाट्यपदांना मात्र हा उजळपणा थोडा नडतो. १९२५ च्या आधी भोंग्यात गाऊन जी रेकॉर्डिंग व्हायची त्यात अडीच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही यायचंच नाही, पुढे इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आल्यावर रेंज वाढली तरी ७८ च्या तबकडीची खरखर असतेच, आणि उजळ हेडफोन ती खरखर इमानेइतबारे पुढे आणून ठेवतो. त्यासाठी सहा हजाराच्या वर उतरता इक्वलायझर लावून दिला. शिवाय ही सगळी मोनो, आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध येतो, काहींना ते विचित्र वाटतं, काकांना नाही वाटलं.

एक अडचण आम्ही धरलीच नव्हती. ओपन-बॅक बाहेर गळतो, म्हणजे शेजारच्याला सगळं ऐकू येतं. पहाटेच्या शांततेत काकांनी बेडरूममध्ये लावला आणि तानांना काकू जाग्या झाल्या. आता काका बाल्कनीचं दार लोटून तिथे बसतात, साडेसातनंतर पौड रोड जागा झाला की उठतात, कारण उघड्या हेडफोनमध्ये रिक्षांचे हॉर्नही समेवर येतात. गणपतीच्या दहा दिवसांत मुलीचा तो ब्लूटूथ 'ख्याल' सेटिंगवर काकांकडे असतो, असं ठरलंय.

एकूण खर्च बजेटच्या आतच बसला, चार हजारांच्या आसपास उरले. मुलीचं म्हणणं पुढच्या हेडफोनसाठी ठेवा. पण काकांच्या कपाटात कॅसेट्स आहेत, स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या आणि मित्रांकडून मिळालेल्या, आणि त्या कोणीतरी पूर्वी ६४ केबीपीएस एमपीथ्री करून दिलेल्या. नवीन हेडफोनवर त्या एमपीथ्री ऐकून काका म्हणाले, हे तर आधीपेक्षा वाईट वाटतंय, आणि वाटणारच होतं, आता कळायला लागलं ना की तंबोऱ्याच्या जागी पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज आहे. त्यामुळे उरलेले पैसे माळ्यावरच्या कॅसेट डेकवर गेले. बेल्ट सैल झालेला तो बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो, कोन टेपशी जुळला नसेल तर वरचा सगळा आवाज मरतो. धाकटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला आणि काका हेडफोन लावून सांगत होते, अजून, अजून, थांब, मागे. टेपची सळसळ सगळ्यात मोकळी वाजते तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असल्यामुळे हे दर कॅसेटला परत करावं लागतं, म्हणून काम सावकाश चाललंय, रविवारी एक-दोन होतात. काही कॅसेट्सना पांढरी बुरशी आलीये, त्या मी अजून डेकमध्ये घालू दिलेल्या नाहीत, आधी साफ करायला लागतील नाहीतर हेडवरून बाकीच्यांना लागेल.